खोट्या बातमीचं प्रायश्चित्त

मार्च २००३. इराकमधलं युद्ध सुरू होऊन तीन-चार दिवस झाले होते. नासिरिया शहराजवळ अमेरिकी फौजेचा एक ताफा रस्ता चुकून माऱ्यात सापडला आणि जेसिका लिंच ही १९ वर्षांची सैनिक बेपत्ता झाली. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातलं पॅलेस्टाईन नावाचं खेडं हे तिचं गाव. २७ मार्चच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्या खेड्याच्या डेटलाइननं बातमी आली. तिचे वडील ओसरीवर उभे आहेत, समोर तंबाखूची शेतं आणि गुरांची कुरणं आहेत, बोलता बोलता त्यांचा कंठ दाटून येतो, असं चित्र त्या बातमीत होतं. बायलाइन जेसन ब्लेअरची.

ब्लेअर त्या गावात गेलाच नव्हता. लिंच कुटुंबाच्या ओसरीवरून तंबाखूचं शेत दिसत नाही, गुरांचं कुरणही दिसत नाही. या माणसाशी आपण बोललो, असं घरातल्या कोणालाही आठवत नव्हतं. मुलीचा भाऊ सैन्याच्या कोणत्या दलात आहे, हेसुद्धा चुकीचं छापलं होतं. घरच्यांनी बातमी वाचली, चुका त्यांच्या लक्षात आल्या, आपसात बोलणं झालं आणि विषय संपला. तक्रारीचा फोन कोणी केला नाही. पुढं विचारणा झाली तेव्हा, एखाद्या वेळचा प्रकार असेल असं वाटलं, एवढंच त्यांनी सांगितलं.

ब्लेअरनं १ मेला राजीनामा दिला. दुसऱ्या एका वृत्तपत्रातली बातमी त्यानं उचलली होती आणि ते उघडकीला आलं होतं. ‘टाइम्स’नं मग त्याचं सगळं काम उकरून काढलं आणि ११ मेच्या अंकात पहिल्या पानापासून सुरू होणारा सविस्तर वृत्तान्त छापला. आदल्या ऑक्टोबरपासूनच्या त्याच्या ७३ बातम्यांपैकी निदान ३६ बातम्यांत गडबड होती. महिन्याभरात कार्यकारी संपादक हॉवेल रेन्स आणि व्यवस्थापकीय संपादक जेराल्ड बॉइड या दोघांना पद सोडावं लागलं. पत्रकारितेच्या वर्गात हा सगळा इतिहास शिकवला जातो. त्यातली सगळ्यांत गंभीर गोष्ट मात्र त्या घरातलं मौन आहे. देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित वृत्तपत्रानं आपल्याच ओसरीबद्दल खोटं छापावं आणि घरातल्यांना त्याचं फारसं नवल वाटू नये! ब्लेअरनं त्यांचा विश्वास मोडला असं म्हणणं अपुरं आहे. तो विश्वास आधीच किती झिजला होता, ते त्या दिवशी कळलं.

खोट्याच्या फेऱ्यातून जेसिकाही सुटली नाही. १ एप्रिलला तिची सुटका झाली. दोनच दिवसांत ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाल्यानं छापलं, की ती अखेरपर्यंत गोळ्या झाडत लढली. चार वर्षांनी, एप्रिल २००७ मध्ये, अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढं तिनं शपथेवर सांगितलं, की असं काही झालंच नव्हतं. तिची बंदूक अडकली होती, तिनं एकही गोळी झाडली नव्हती. आयतं मिळालेलं शौर्य तिनं जाहीरपणे परत केलं. सत्याला तप म्हणतात ते का, हे अशा वेळी समजतं.

खोटं बोलू नये, हे सगळेच धर्म सांगतात. पंचशीलात ते आहे, महाव्रतांत आहे, मोशेच्या दहा आज्ञांत आहे. कुराणाच्या ४९व्या सुरेत तर बेभरवशाच्या माणसानं बातमी आणली तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कोणावर अन्याय होईल, असा थेट बातमीबद्दलचाच आदेश आहे. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या सत्य-अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत आणि त्यांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा मजकूर लिहिणं, वेगळं मोजलं आहे. बोललेलं खोटं ऐकणाऱ्यापाशी थांबू शकतं, लिहिलेलं खोटं हातोहात फिरत राहतं. छापखाना यायच्या कित्येक शतकं आधी तो फरक कोणीतरी ओळखला होता.

पण पकडले गेलेले पत्रकार आणि त्यांचे कैवारी क्वचितच म्हणतात, की खोटं लिहिण्यात गैर काय. त्यांचा युक्तिवाद वेगळा असतो आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तपशील खोटा असेल, पण त्यामागचं दुःख खरं आहे, एका काल्पनिक माणसामुळे हजारो खऱ्या माणसांकडे लक्ष गेलं तर त्यात पाप कसलं, असं ते विचारतात.

या प्रश्नाची कसोटी १९८० साली वॉशिंग्टनमध्ये लागली. जॅनेट कुक ही ‘वॉशिंग्टन पोस्ट’ची तरुण, देखणी भाषा लिहिणारी बातमीदार. शहरातल्या हेरॉइनच्या व्यसनावर काम करताना आठ वर्षांचा एक व्यसनी मुलगा असल्याचं तिच्या कानावर आलं. वरिष्ठ म्हणाले, बातमी हीच आहे, त्याला शोध. तो सापडला नाही. मग २८ सप्टेंबरला पहिल्या पानावर ‘जिमीज वर्ल्ड’ ही कथा आली. त्यात आठ वर्षांचा जिमी होता, त्याच्या कोवळ्या दंडावर सुयांच्या खुणा होत्या आणि त्याला सुई टोचणारा त्याच्या आईचा मित्रही होता. शहर हादरलं. महापौर मॅरियन बॅरींनी पोलिस आणि समाजसेवा खात्याला त्या मुलाच्या शोधाला लावलं. शाळा पालथ्या घातल्या गेल्या, जिमी मिळाला नाही. मिळणार कसा?

१३ एप्रिल १९८१ रोजी त्या कथेला पुलित्झर पारितोषिक जाहीर झालं. पारितोषिकामुळेच सगळं उघडकीला आलं. कुकनं आधी ज्या गावी नोकरी केली होती, त्या टोलीडोच्या ‘ब्लेड’ दैनिकातल्या लोकांना तिची प्रसिद्ध झालेली माहिती आपल्या नोंदींशी जुळेना. पदव्या फुगवलेल्या होत्या, येत असलेल्या भाषांची यादी वाढलेली होती. ‘पोस्ट’च्या संपादकांनी तिला रात्री उशिरापर्यंत प्रश्न विचारले आणि अखेर तिनं सांगितलं, की जिमी नाही. दोन दिवसांत पारितोषिक परत गेलं. ते नंतर ‘व्हिलेज व्हॉइस’च्या टेरेसा कार्पेंटर यांना मिळालं.

तेव्हाही काहींनी म्हटलं, की जिमी नसेल, पण जिमीसारखी मुलं तर आहेत! इथं महाभारतातला कौशिक आठवतो.

कर्णपर्वात ही गोष्ट येते. गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याचा वध करायची प्रतिज्ञा अर्जुनानं केलेली असते आणि रागाच्या भरात नेमका युधिष्ठिरच तसं बोलून जातो. अर्जुन थोरल्या भावावर तलवार उपसतो. त्याला आवरताना श्रीकृष्ण कौशिकाची गोष्ट सांगतो. सदैव खरंच बोलायचं हे कौशिक तपस्व्याचं व्रत होतं. दरोडेखोरांच्या भीतीनं काही माणसं त्याच्या डोळ्यांदेखत रानात लपली. मागोमाग दरोडेखोर आले, विचारू लागले, आणि कौशिकानं खरं सांगून टाकलं. माणसं मारली गेली. कौशिक नरकात गेला. १७९७ साली जर्मनीत कांटनं जवळपास हाच पेच घेतला. मारेकरी दारात उभा आहे, आपला मित्र आत लपला आहे, तेव्हा काय करायचं? तिथंही खोटं बोलायचा हक्क नाही, असं त्यानं बजावलं. श्रीकृष्णानं नेमका उलटा निवाडा दिला होता. ‘गीतारहस्या’च्या ‘कर्मजिज्ञासा’ या दुसऱ्या प्रकरणात टिळकांनी हीच दरोडेखोरांची अडचण घेऊन सत्याच्या अपवादांची चर्चा केली आहे आणि सिज्विक, लेस्ली स्टीफन अशा इंग्रज नीतिशास्त्रज्ञांची मतंही तपासली आहेत.

म्हणजे सत्याला अपवाद आहे, हे आपल्या परंपरेनं मोकळेपणानं मान्य केलं. जॅनेट कुकला तो लागू होतो का? कौशिकाच्या प्रसंगात श्रीकृष्णाचा पहिला सल्ला खोटं बोलण्याचा नाही, गप्प राहण्याचा आहे. गप्प राहून भागत नसेल, बोलणंच भाग पडत असेल, तरच असत्य. कुकपुढं गप्प राहण्याचा मार्ग उघडा होता. “मुलगा सापडला नाही,” हे तीन शब्द तिनं वरिष्ठांना सांगायचे होते. दुसरं असं, की कौशिक खोटं बोलला असता तर त्यात त्याचं स्वतःचं नुकसान होतं, व्रत मोडलं असतं. लाभ लपलेल्या माणसांचा होता. जिमीच्या कथेत लाभ लिहिणारीचा झाला. पहिलं पान तिला मिळालं, पारितोषिक तिला मिळालं. ज्या खोट्याचा मोबदला खोटं बोलणाऱ्याच्याच पदरात पडतो, त्याला परोपकाराचं नाव कोणत्याच शास्त्रानं दिलेलं नाही.

आणि ज्यांच्या नावानं हे केलं, त्यांचं काय झालं? पोलिस आणि समाजसेवक नसलेल्या मुलाला शोधत होते. वॉशिंग्टनच्या त्याच वस्त्यांत हेरॉइननं उद्ध्वस्त झालेली घरं होती, खरी मुलं होती. जिमी खोटा ठरल्यावर त्या मुलांबद्दल खरं सांगणाऱ्याचाही शब्द हलका झाला. खोट्या बातमीचा पहिला मार खऱ्या पीडितावर बसतो, तो असा.

ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिननं इसवी सन ३९५च्या सुमाराला असत्यावर एक लहान ग्रंथ लिहिला आणि खोट्याच्या आठ पायऱ्या लावल्या. सगळ्यांत घोर कोणतं? धर्माच्या शिकवणीत मिसळलेलं खोटं. लोक जिथं खरं ऐकायच्या भरवशानं येतात, तिथंच फसवणूक झाली तर माणसानं जायचं कुठं, हा त्यामागचा विचार. वर्तमानपत्र म्हणजे काही धर्मपीठ नव्हे. पण डॉक्टर, शिक्षक, न्यायाधीश आणि बातमीदार यांच्या बोलण्यावर लोक तपासल्याशिवाय विसंबतात, कारण तपासायला त्यांच्यापाशी वेळ नसतो, साधन नसतं. विसंबून राहणाऱ्याला फसवणं हे बाजारातल्या थापेच्या कितीतरी पुढचं पाप आहे.

याचं जवळून दिसणारं उदाहरण मिनेसोटा राज्यात आहे. फर्गस फॉल्स, वस्ती सुमारे १३ हजार. २०१७ साली जर्मनीच्या ‘डेर श्पीगेल’चा क्लास रेलोटियस तिथं राहिला. ट्रम्पना मतं देणारं गाव आतून कसं असतं, हे त्याला जर्मन वाचकांना दाखवायचं होतं. तो ब्लेअरसारखा घरी बसून राहिला नाही. खरोखर गावात गेला, तिथल्या माणसांत वावरला आणि तरीही गाव मनानंच रचलं. वेशीवर मेक्सिकन लोकांना मज्जाव करणारी पाटी असल्याचं त्यानं लिहिलं. तशी पाटी नव्हती. दोन वर्षांपूर्वीचा ‘अमेरिकन स्नायपर’ हा युद्धपट गावच्या थिएटरात अजून चालतोय, असं लिहिलं. तो केव्हाच उतरला होता. गावचा तरुण प्रशासक कमरेला पिस्तूल लावून हिंडतो, त्यानं कधी समुद्र पाहिला नाही, कोणा स्त्रीशी त्याचं कधी जमलं नाही, असंही लिहिलं. तो गृहस्थ समुद्र पाहून आलेला होता आणि त्याची जोडीदारीण होती.

मिशेल अँडरसन आणि जेक क्रोन या गावातल्याच दोघांनी तो लेख ओळीओळीनं तपासला. सवड मिळेल तसं त्यांचं काम चालू होतं. त्यांची यादी जगापुढं आली ती डिसेंबर २०१८ मध्ये, रेलोटियसचं बिंग फुटल्यावर. ते फोडलं ‘श्पीगेल’च्याच हुआन मोरेनो या मानधनावरच्या पत्रकारानं. अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या एका वृत्तान्तासाठी दोघांना एकत्र काम दिलं होतं. मोरेनो मेक्सिकोत निर्वासितांबरोबर चालत होता, रेलोटियस म्हणे ॲरिझोनात सीमेवर बंदुका घेऊन पहारा देणाऱ्या टोळीत होता. त्या टोळीच्या माणसांना फोटो नको आहेत, असं रेलोटियसनं कळवलं होतं. मोरेनोला त्यातलाच एक चेहरा एका गाजलेल्या माहितीपटात दिसला. शंका कळवल्यावर वरिष्ठांनी त्याच्यावरच संशय घेतला, कारण रेलोटियस पारितोषिकांच्या राशीवर बसला होता. जर्मन रिपोर्टर पारितोषिक त्याला चार वेळा मिळालेलं होतं. मोरेनो स्वतः ॲरिझोनाला गेला आणि त्या माणसांना भेटला. “या माणसाला कधी पाहिलंय?” रेलोटियसला त्यांच्यापैकी कोणी कधी पाहिलेलंच नव्हतं.

‘श्पीगेल’चा तथ्य-तपासणी विभाग जगातल्या सगळ्यांत मोठ्या विभागांपैकी एक. संस्थापक रुडोल्फ आउगश्टाइन यांचं, जे आहे ते सांगा, हे ब्रीद त्यांच्या इमारतीत भिंतीवर कोरलेलं आहे. राजधानीचं नाव, नदीची लांबी, मंत्र्याचं वय हे सगळं तो विभाग तपासत होता. एका खेड्यातल्या माणसानं समुद्र पाहिला आहे का, हे कोण तपासणार? तिथं फक्त बातमीदाराचं मन साक्षीला असतं. मोजता येणाऱ्या गोष्टींची व्यवस्था कितीही कडक केली, तरी एक जागा अशी राहतेच, जिथं धर्मच राखण करतो.

बुद्धानं राहुलाला दिलेला धडा नेमका त्या जागेबद्दल आहे. राजगृहाजवळ अंबलट्ठिकेत राहुल राहत होता. बुद्ध आला, पाय धुतले, भांड्यात थोडंसं पाणी राहू दिलं. जाणूनबुजून खोटं बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचं श्रमणपण एवढंसंच, असं त्यानं मुलाला सांगितलं. मग तेही पाणी ओतून दिलं, भांडं पालथं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि रिकामं दाखवलं. सम्राट अशोकानं बैराटजवळच्या भाब्रू शिलालेखात भिक्षूंनी आणि उपासकांनी नित्य ऐकावीत अशी सात प्रवचनं नेमून दिली, त्यांत राहुलाला केलेला हा असत्याविषयीचा उपदेश नावानिशी आहे. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही खोटं न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. बाबासाहेब स्वतः ‘मूकनायक’चे संस्थापक आणि ‘बहिष्कृत भारत’चे संपादक. १९४३ साली पुण्यात, न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात, पूर्वी पेशा असलेली पत्रकारिता आता निव्वळ व्यापार झाली आहे, असं त्यांनी कडक शब्दांत सुनावलं होतं.

पण मग कर्माचं फळ मिळतं का? इथं श्रद्धेला ठेच लागते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. वॉल्टर ड्युरांटी हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा मॉस्कोतला प्रतिनिधी. १९३२ साली त्याला पुलित्झर मिळालं. पुढच्या वर्षी युक्रेनमध्ये लाखो शेतकरी उपासमारीनं मरत असताना दुष्काळाच्या बातम्या अतिरंजित आहेत, असं तो लिहीत राहिला. गॅरेथ जोन्स हा तरुण वेल्श पत्रकार मार्च १९३३ मध्ये आगगाडीतून मधेच उतरून खेड्यांतून पायी हिंडला आणि परतल्यावर त्यानं भूक पाहिल्याप्रमाणे सांगितली. ड्युरांटीनं त्याला छापून खोटं पाडलं. १९३५ साली मंगोलियाच्या बाजूला डाकूंनी पळवून नेऊन जोन्सला ठार केलं, तेव्हा त्याला ३० वर्षंही पूर्ण झाली नव्हती. ड्युरांटी १९५७ पर्यंत जगला, फ्लोरिडात अंथरुणावर गेला. त्याचं पारितोषिक काढून घ्यायला पुलित्झर मंडळानं २००३ सालीही नकार दिला.

असत्याचं फळ असत्य बोलणाऱ्यालाच आणि याच जन्मी मिळतं, अशी समजूत असेल तर ती सोडलेली बरी. फळ मिळतं, पण पुष्कळदा दुसऱ्याला. ऑगस्ट २००७ मध्ये दिल्लीतल्या एका सरकारी शाळेच्या शिक्षिकेवर ‘लाइव्ह इंडिया’ या वाहिनीनं छुप्या कॅमेऱ्याची चित्रफीत दाखवली आणि ती मुलींना वेश्याव्यवसायात ढकलते, असा आरोप केला. शाळेबाहेर जमाव जमला, तिला मारहाण झाली, कपडे फाडले गेले, नोकरी गेली, अटक झाली. पोलिसांच्या तपासात निघालं, की सगळा बनाव होता. चित्रफितीत विद्यार्थिनी म्हणून दाखवलेली तरुणी विद्यार्थिनी नव्हतीच. बातमीदाराला अटक झाली. वाहिनी एक महिना बंद ठेवण्याचा सरकारनं आदेश काढला. एका बाजूला महिनाभर काळा पडदा, दुसऱ्या बाजूला भर रस्त्यात उतरवलेली अब्रू. हे माप बरोबर आहे, असं कोण म्हणेल? छापील माध्यमांसाठी १९७८च्या कायद्यानं आलेली प्रेस कौन्सिल तर दोषी वृत्तपत्राला समज देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. त्यापुढं तिच्या हाती काही नाही.

शिक्षेचं माप चुकतं, म्हणून प्रायश्चित्ताचा विचार करायचा. शिक्षा बाहेरून येते, प्रायश्चित्त ज्याचं त्यानं घ्यायचं असतं. आपल्या वृत्तपत्रसृष्टीच्या आरंभीच्या दिवसांत एक प्रसंग असा आहे, की त्यात दोन्ही एकत्र आली. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रं जानेवारी १८८१ मध्ये निघाली. ‘केसरी’ आगरकर पाहत, ‘मराठा’ टिळक. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडं ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, असा सूर या पत्रांनी लावला. पुराव्यादाखल बर्व्यांच्या नावची पत्रं हाती आली होती. ती बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते २६ ऑक्टोबरला सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, ते मराठी वाचकाच्या परिचयाचं आहे. जामिनाच्या वेळी जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे १० हजार रुपये घेऊन उभे राहिले, हेही विसरू नये.

दोघं पंचविशीतले. त्यांनी काही रचलं नव्हतं. महाराजांबद्दलचा कळवळा खरा होता आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरला महाराजांचा जो दारुण अंत झाला, त्यानं लोकांचा संशय आणखी पक्का केला. तरीही पत्रं खोटी होती आणि ती छापली गेली होती. चांगल्या हेतूचं कवच न्यायालयानं मानलं नाही. ज्या माणसाच्या नावावर बनावट पत्रं खपवली, त्याची अब्रू हा त्या प्रकरणातला खरा प्रश्न होता आणि देशभक्तीच्या भरात मराठी लेखणीनं तो पुढं बराचसा बाजूला ठेवला. बर्व्यांवर झालेला अन्याय हा अन्यायच, मग तो टिळक-आगरकरांकडून का झालेला असेना.

प्रायश्चित्ताचं शास्त्र याबाबत फार स्पष्ट आहे. ज्या ग्रंथाची होळी १९२७ साली महाडला झाली आणि ती होळी का झाली हे कोणीच विसरू नये, त्या मनुस्मृतीच्याच अकराव्या अध्यायात पाप फिटण्याचे उपाय सांगताना पहिलं नाव ख्यापनाचं येतं. पाप स्वतःच्या तोंडानं जाहीर करायचं. पश्चात्ताप, तप, दान ही त्याच्या नंतर. जैन साधू गुरूपुढं आलोचना करतो, तेव्हा एकेक दोष वेगळा सांगतो. कॅथलिक शिकवणीत बदनामीच्या पापाला नुसता कबुलीजबाब पुरत नाही, गेलेली अब्रू भरून द्यावी लागते. तिन्हीकडे एकच आग्रह दिसतो, की मोघम माफी चालत नाही.

स्टीफन ग्लासच्या बाबतीत न्यायालय याच मुद्द्यावर अडून बसलं. ‘न्यू रिपब्लिक’ साप्ताहिकातला हा पंचविशीतला लाडका लेखक मे १९९८ मध्ये पकडला गेला. एका कंपनीच्या संगणकात घुसणाऱ्या शाळकरी मुलाची गोष्ट त्यानं लिहिली होती. ना मुलगा होता, ना कंपनी. ‘फोर्ब्ज’च्या ॲडम पेनेनबर्गनं चौकशी सुरू केल्यावर ग्लासनं त्या कंपनीची वेबसाइट बनवली, फोनवर निरोप ठेवायची सोय केली, भावाला अधिकारी म्हणून बोलायला लावलं. संपादक चार्ल्स लेन यांनी त्याला घेऊन जागेवर जाऊन पाहिलं आणि सगळं कोसळलं. ४१ पैकी २७ लेखांत बनावट मजकूर निघाला. ग्लासनं पुढं कायद्याचं शिक्षण पूर्ण केलं, तो लॉस एंजेलिस परिसरातल्या एका कचेरीत वकिलाचा सहायक झाला. बेघर, खंगलेल्या अशिलांची कामं त्यानं मनापासून केली आणि आपण कोण होतो हे तो त्यांना सांगत असे, याच्या साक्षी झाल्या. तरीही २७ जानेवारी २०१४ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं त्याला सनद नाकारली. अनेक कारणांतलं एक फार महत्त्वाचं. न्यूयॉर्कमध्ये सनदेचा अर्ज करताना, आपण सगळे बनावट लेख शोधायला मदत केली, असं त्यानं सांगितलं होतं. ते पुरतं खरं नव्हतं. यादी अपुरी होती आणि ती पूर्ण झाली कॅलिफोर्नियाच्या सुनावणीत, म्हणजे बिंग फुटल्यावर तब्बल बारा वर्षांनी.

हा निकाल निर्दय वाटतो का? सोळा वर्षांनंतर माणसाला दार बंद करणं जड वाटतंच. अंगुलीमालासारख्या खुन्याला बुद्धानं संघात घेतलं होतं. पण अर्हतपदाला पोचल्यावरही अंगुलीमाल श्रावस्तीत भिक्षेला गेला, तेव्हा लोकांनी भिरकावलेल्या ढेकळांनी त्याचं डोकं फुटलं, पात्र फुटलं, चीवर फाटलं. ‘सहन कर,’ एवढंच बुद्ध त्याला म्हणाला. क्षमा झाली म्हणून परिणाम टळले, असं सुत्तात कुठं नाही. ग्लासला समाजानं उपाशी ठेवलं नाही, त्याला काम मिळालं, मान मिळाला. शब्दावर विसंबून राहावं लागतं अशा एका धंद्याचं दार मात्र बंद राहिलं. हे दोन्ही एका वेळी योग्य असू शकतं. २०१५ मध्ये, सनदेची आशा संपल्यावर, त्यानं ‘हार्पर्स’ मासिकाला जुन्या लेखाचे १० हजार डॉलर परत पाठवले. त्या पैशांतून त्याला मिळवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांचं मोल जास्त.

आपल्याकडच्या दैनिकांनी ग्लासची नाही, तर ‘टाइम्स’ची ११ मे २००३ची पानं समोर ठेवावीत. खोटी बातमी पहिल्या पानावर पाच कॉलम आणि खुलासा आतल्या पानावर जाहिरातीच्या शेजारी चार ओळी, तोही “अनवधानानं” या शब्दासह, ही रीत प्रायश्चित्ताची चेष्टा आहे. कोणती वाक्यं खोटी होती, ती कोणी लिहिली, कोणी पाहून सोडली, कोणाचं त्यात नुकसान झालं, हे त्याच पानावर, त्याच आकारात छापलं पाहिजे. वाहिनीवर त्याच वेळेला, तितकाच वेळ सांगितलं पाहिजे. नाचक्की होईल, खप घटेल, हे खरंच आहे. प्रायश्चित्तात काही गमवावं लागलं नाही तर ते प्रायश्चित्त कसलं?

डिसेंबर २०१८ संपण्याआधी ‘श्पीगेल’चा अमेरिकेतला प्रतिनिधी ख्रिस्तोफ शॉयरमन फर्गस फॉल्सला जाऊन आला. रेलोटियसनं ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं, त्या माणसांना तो भेटला, नियतकालिकाच्या वतीनं त्यानं माफी मागितली, काय काय खोटं होतं ते त्यांच्याकडून ऐकून घेतलं आणि त्याच गावाचा वृत्तान्त ‘श्पीगेल’साठी नव्यानं लिहिला.